शार्कपटाचा लातूर पॅटर्न (नांदेड बॅच स्वतंत्र)

प्रवेश-पात्रता

ही पुस्तिका ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आहे. शाळेच्या सहलीत एकदा गेटवे ऑफ इंडियाला नेलं होतं, पण सर सारखी डोकी मोजत होते आणि आपलं लक्ष चिवड्याच्या पिशवीत होतं, असे विद्यार्थीही चालतील. कोकणातल्या उमेदवारांनी मात्र अर्ज करू नये. यात कुणाचा अपमान नाही, अडचण शास्त्रीय आहे. मालवणच्या माणसाला शार्क दाखवला की तो घाबरत नाही, त्याला भूक लागते. तिकडं शार्कला मुशी म्हणतात, मोरी म्हणतात, आणि मोरीचं मटण करतात. पडद्यावर पंचवीस फुटी जनावर जबडा उघडतं आणि ह्याच्या डोक्यात वाटणाला नारळ किती लागतील याचा हिशोब सुरू होतो. अशा माणसाला शार्कची भीती घालणं म्हणजे आचाऱ्याला जाळ दाखवून भिववणं.

लातूर-नांदेडचा उमेदवार मात्र जन्मतः पात्र आहे. आपला मासा म्हणजे राहू, कटला, फार झालं तर मरळ, आणि तोही तराजूत पडलेला. तो पाण्यात असताना काय करतो याची आपण कधी चौकशी केली नाही. लातूरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतो. इतक्या अंतरावरून घाबरायला प्रतिभा लागते, आणि ती आपल्याकडं आहे. लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना कमरेला डालड्याचा रिकामा डबा बांधून वरून ढकललेला प्रत्येक पोरगा शार्कपटाची बालवाडी उत्तीर्ण झालेला असतो. खाली काळं पाणी, त्यात पाय लोंबकळतायत, पायाला काहीतरी लागलं. ते बहुतेक शेवाळं असतं. कधी विरोळा असतो, निरुपद्रवी, पाण्यावर डोकं काढून आपल्याच नादात चाललेला. आजी मात्र सांगून बसलेली असते की विहिरीत साती आसरा राहतात आणि भर दुपारी बाराला गेलेल्याचा पाय धरतात. स्टीव्हन स्पीलबर्गनं 'जॉज'मध्ये ही गोष्ट सांगायला लाखो डॉलर घातले. आजीनं शेंगा फोडता फोडता सांगितली.

साहित्य

एक दूरदर्शन संच किंवा मोबाइल. उकडलेल्या शेंगा किंवा वाटीभर सुशीला. वेळ मे महिन्यातली दुपारी दोनची, घरातली वडीलधारी मंडळी आडवी झाल्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कूलर. एसी चालणार नाही. एसीत नुसता गारवा असतो, कूलरमध्ये वारा असतो, ओल्या गवताचा वास असतो आणि टाकीतलं पाणी सळसळत असतं. नायिका पाण्यात उतरली की कूलरचं तोंड आपल्याकडं फिरवावं. याच्यापेक्षा जास्त समुद्र लातुरात मिळत नाही. कूलरची टाकी चित्रपट सुरू होण्यापूर्वी भरून घ्यावी. मध्यंतरात ती रिकामी झाली तर थराराचा विषयच बदलतो.

धडा १ : पुस्तक एकच, बाकी गाईडं

अभ्यासक्रमाला नेमलेलं पुस्तक एकच. 'जॉज', अमेरिकेत प्रदर्शित २० जून १९७५. पीटर बेंचलीची मूळ कादंबरी आदल्या वर्षीची. तारीख पाठ करायची युक्ती अशी : 'जॉज' आला, पाच दिवसांनी आपल्याकडं आणीबाणी आली, आणि १५ ऑगस्टला 'शोले'. जबडा, दंडुका आणि गब्बर, सगळं एकाच पावसाळ्यात.

'शोले'शी तुलना करा, हा प्रश्न हमखास येतो, म्हणून इथंच उरकू. गब्बर पडद्यावर यायच्या कितीतरी आधी त्याचं नाव येतं, त्याची माणसं येतात, गावाच्या चेहऱ्यावर त्याची भीती येते. 'जॉज'मधला शार्क तर सव्वा तास उलटून गेल्यावर धड दिसतो, आणि सगळा मिळून जेमतेम चार मिनिटं. नवशिका इथंच मार्क घालवतो. तो शार्क बघायला बसतो. शार्क दिसला नाही की रिमोट उचलतो आणि पुढं पळवतो. असं करणाऱ्याला थेट पुढच्या वर्षीच्या रिपीटर बॅचमध्ये टाकण्यात येईल.

आता शार्क का दिसत नाही? दिग्दर्शकाचा संयम, अदृश्याचं सौंदर्यशास्त्र वगैरे उत्तरं झेरॉक्स नोट्समध्ये मिळतील. खरं उत्तर आपल्याला एका ओळीत कळण्यासारखं आहे : मोटार जळाली होती.

चित्रीकरण मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटालगत, खऱ्या समुद्रात चाललं होतं. हवेच्या दाबावर चालणारे तीन यांत्रिक शार्क बनवले होते. स्पीलबर्गनं त्यांना 'ब्रूस' म्हणायला सुरुवात केली, आपल्या वकिलाच्या नावावरून. (लातूर कोर्टाच्या आवारात ही भावना कुणाला नवी वाटणार नाही.) हा ब्रूस गोड्या पाण्यात तपासला तेव्हा शहाण्यासारखा चालला, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात उतरवला आणि कोलमडला. ज्याच्या शेतात सबमर्सिबल आहे त्याला हे सांगायची गरज नाही. दुकानात तीच मोटार कशी गुरगुरत असते, दुकानदार वर हात ठेवून बघा म्हणतो, आणि बोअरमध्ये सोडली की आठव्या दिवशी रिवायंडिंगला. तिकडं ५५ दिवसांचं वेळापत्रक १५९ दिवसांवर गेलं. आपल्याकडच्या एखाद्या पुलाला हे प्रमाण लावलं तर कंत्राटदाराचा सत्कार होईल, पण हॉलिवुडात हाहाकार झाला. सत्तावीस वर्षांच्या त्या पोरानं मग अडलेल्या शेतकऱ्यासारखा विचार केला : मोटार नाही ना, मग मोटेनं काढू. शार्कच्या जागी त्यानं पाण्याची पातळी दाखवली, तुटून पाण्यात ओढला गेलेला लाकडी धक्का दाखवला आणि नंतर पिवळी पिंपं दाखवली. शार्कला भाल्यानं पिंपं अडकवलेली आहेत. पिंप पाण्यावरून पळतंय म्हणजे खाली तो आहे. पिंप बुडालं म्हणजे तो खोल गेला.

पिंपाकडं बघून पाण्याचा अंदाज घेणं या विषयात लातूर जिल्ह्याची डॉक्टरेट आहे. घरोघरी तो निळा ड्रम असतो. त्याच्यावर बोटानं टिचकी मारून आत किती दिवसांचं पाणी उरलंय ते सांगणाऱ्या बायका औशात, निलंग्यात, अहमदपुरात कुठल्याही गल्लीत भेटतील. तरंगणारं पिंप रिकामं असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

जोडून लिहायचे मुद्दे : संकलक व्हर्ना फील्ड्स. ऑस्कर तीन, संकलन, संगीत आणि ध्वनी. दिग्दर्शनाला नामांकनसुद्धा नाही. शार्कलाही नाही.

धडा २ : नळाची हवा

संगीतकार जॉन विल्यम्स. त्यानं पियानोवर दोन स्वर वाजवून दाखवले, तेच ते, आधी सावकाश, मग जलद. स्पीलबर्गला आधी ती थट्टा वाटली, तो हसला. पण चित्रपटात हे दोन स्वर शार्कचं काम करतात. पडद्यावर नुसतं पाणी असतं आणि पोटात गोळा येतो.

हे दोन स्वर समजायला संगीताचा क्लास लावण्याची गरज नाही. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत राहावं. पाणी यायच्या आधी तोटीतून हवा येते. पहाटे तीनला, सगळं शांत असताना, फस्स. मग थांबते. मग पुन्हा फस्स, जरा लवकर. अंगणात झोपलेला माणूस डोळे न उघडता उठून बसतो. शेजारची कडी वाजते. कुणाच्यातरी घागरीचा आवाज होतो. तोटी खोकते, गुरगुरते, आणि मग एकतर पाणी येतं नाहीतर काहीच येत नाही. ते मधलं अर्धं मिनिट नीट लक्षात ठेवावं. शार्कपट तेवढाच असतो, बाकीचे दोन तास त्याच अर्ध्या मिनिटाची लांबण.

धडा ३ : पात्रपरिचय

पोलीसप्रमुख ब्रॉडी. भूमिका रॉय शायडरची. राहतो बेटावर, चारी बाजूंनी समुद्र, आणि हा पाण्यात पाय घालत नाही. भीती वाटते. नोकरीसाठी न्यूयॉर्कहून आलेला, बदलीच्या गावी न रमलेला. हा गृहस्थ मूळचा मराठवाड्यातला आहे असं आमचं ठाम मत आहे, जन्मदाखला तेवढा मिळायचा आहे. शेवटी शार्क मारतो तोच. ज्याला मासे कळतात तो हूपर पिंजऱ्यातून निसटून तळाशी लपलेला, ज्याला समुद्र कळतो तो क्विंट गिळला गेलेला, आणि ज्याला काहीच कळत नाही तो डोलकाठीवर लटकून बंदुकीनं शार्कच्या तोंडातला हवेचा सिलिंडर फोडतो. सिलिंडर असा फुटत नाही, हे नंतर एका टीव्ही कार्यक्रमानं प्रयोग करून दाखवलं. परीक्षेत विचारलं तर फुटतो असंच लिहावं.

क्विंट आणि हूपर रात्री बोटीत बसून एकमेकांना अंगावरचे व्रण दाखवतात, तो प्रसंग दोनदा पाहावा. नांदेडच्या कुठल्याही कट्ट्यावर ही स्पर्धा आजही चालू असते : हा बैलाच्या शिंगाचा, हा कुत्र्याचा, हा कडबा कुट्टीच्या मशीनचा. ब्रॉडी हळूच शर्ट वर करून स्वतःच्या पोटावरचा व्रण बघतो आणि गप्प बसतो. आम्ही म्हटलं ना, आपल्यातला आहे.

आता महापौर. ह्याच्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो. पाण्यात शार्क आहे, माणूस मेला आहे, तरी किनारे उघडेच राहणार, कारण ४ जुलैच्या सुट्टीला पर्यटक यायचेत. नांगरांची नक्षी असलेला कोट घालून तो कॅमेऱ्यासमोर हसतो. हेन्रिक इब्सेननं १८८२ मध्ये हेच नाटक लिहिलं होतं, फक्त त्यात शार्क नव्हता, दूषित पाणी होतं. सत्यजित रायांनी १९८९ मध्ये त्यावरून 'गणशत्रू' केला तेव्हा ते पाणी देवळाच्या तीर्थात गेलं. म्हणजे शार्क काढला तरी चालतं, महापौर काढून चालत नाही. शार्कला भूक असते, त्याचं समजू शकतं. महापौराकडं प्रेसनोट असते. 'परिस्थिती नियंत्रणात आहे' हे वाक्य ऐकून मोठ्या झालेल्या आपल्या विद्यार्थ्यांना या पात्राचं वेगळं टिपण देण्यात येणार नाही. कुठल्याही टंचाई आढावा बैठकीची बातमी कात्रण म्हणून चिकटवावी.

फक्त नांदेड बॅचसाठी : भूगोल

नांदेडला नदी आहे, त्यामुळं इथल्या विद्यार्थ्यांना एक शंका रात्री झोपू देत नाही : शार्क गोदावरीत येऊ शकतो का?

हसण्यावारी नेऊ नये. १९१६ च्या जुलैत अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, माटावान नावाच्या खाडीत एका निवृत्त कप्तानानं पुलावरून शार्क पाहिला आणि धावत गावात जाऊन सांगितलं. समुद्रापासून इतक्या आत शार्क कुठला, म्हणून गाव हसलं. त्याच दिवशी त्या खाडीत दोघांचा जीव गेला. बुल शार्क नावाची जात गोड्या पाण्यात चांगली तग धरते. १९३७ मध्ये एक बुल शार्क मिसिसिपी नदी चढत पार इलिनॉयमधल्या आल्टन गावापर्यंत गेला होता. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ पुराबरोबर आत आलेले काही बुल शार्क गोल्फच्या मैदानावरच्या तळ्यात वर्षानुवर्षं राहिले. लांब कशाला, आपल्याच राज्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात, मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे पकडायला उतरलेल्या तरुणाच्या पायाचा शार्कनं चावा घेतला. त्या घटनेवर विनोद नाही. खाडीवर पोट असणाऱ्याला पाण्यात उतरावंच लागतं, त्याला चॅनल बदलता येत नाही.

तर मार्ग असा. शार्क बंगालच्या उपसागरातून गोदावरीच्या मुखात शिरेल. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला आर्थर कॉटन साहेबानं १८५२ साली पूर्ण केलेल्या बांधाच्या जागी आता बराज आहे, तो पहिला अडथळा. मग पोलावरम. मग तेलंगणात मेडिगड्डा. त्याचे काही खांब २०२३ च्या ऑक्टोबरात खचले, तेव्हा तिथं थोडी सवलत धरायला हरकत नाही. मग अन्नारम, सुंदिल्ला, येल्लमपल्ली. मग श्रीरामसागरची भिंत. शार्क उडी मारतो हे खरं, पण श्रीरामसागरवरून उडी मारणारा शार्क पोहण्यात वेळ घालवणार नाही, तो थेट ऑलिंपिकला जाईल.

समजा आलाच. तर पुढं धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा. आणि इथं प्रकरण न्यायप्रविष्ट होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे आणि त्यानंतर बंद करायचे. म्हणजे शार्कला नांदेडात येण्यासाठी कायद्यानं चार महिन्यांची मुदत आहे. २९ ऑक्टोबरला पोचला तर दाराशी थांबावं लागेल, आंध्रातून आलोय, तेलंगणातून आलोय असलं काही चालणार नाही. आता बुल शार्क म्हणजे शब्दशः बैल, आणि श्रावणी अमावास्या या मुदतीतच पडते. तेव्हा नांदेडला शार्क आला तर पोळ्याला येईल. नगिना घाटावर त्याला ओवाळून पुरणपोळी दाखवण्याची तयारी ठेवावी. तिथून विष्णुपुरीपर्यंत त्याला अडवणारं आमच्या यादीत काही नाही, जलपर्णी सोडून. जलपर्णीत तो अडकेल. तिला अजून कुणी जिंकलेलं नाही.

'अंडर पॅरिस' (२०२४) हा फ्रेंच चित्रपट नांदेड बॅचला सक्तीचा आहे. त्यात शार्क सीन नदीत शिरून पॅरिस गाठतो, ट्रायथलॉनची स्पर्धा तोंडावर आलेली असते आणि तिथल्या महापौरबाई स्पर्धा रद्द करत नाहीत. पाहा, आम्ही सांगितलं होतं.

फक्त लातूर बॅचसाठी : भूगोल नाही

लातूरला हा प्रश्न उद्भवत नाही. मांजरा नदीत शार्क यायचा तर आधी मांजरेत पाणी यावं लागेल. त्यामुळं लातूरला शार्क येण्याचे मार्ग दोनच.

पहिला आकाशातून. 'शार्कनेडो' (२०१३) हा चित्रपट पाहावा. त्यात समुद्रावरचं चक्रीवादळ शार्क उचलतं आणि लॉस एंजेलिसवर पाडतं. लोक रस्त्यात उभे राहून करवतीनं शार्क कापतात. समीक्षकांनी टर उडवली आणि या मालिकेचे पाच भाग आणखी आले. लातूरचा प्रेक्षक हा चित्रपट गंभीरपणे बघतो. वरून काहीतरी ओलं पडतंय, एवढ्यावरच त्याचं समाधान होतं.

दुसरा मार्ग रेल्वेचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन गाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणी येऊ लागल्या. कृष्णेत शार्क नाही, पण सांगलीकडं मगरी आहेत. एखादी चुकून वाघिणीत शिरून आली असती तर लातूरकरांनी तिला बाहेर काढून आधी ती बसली होती तेवढं पाणी मोजून घेतलं असतं. त्याआधी मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचं कलम १४४ लावलं होतं. 'शोले'तला वीरू लातूरचा असता तर टाकीवर चढायच्या आधीच आत गेला असता. आणि 'शार्क टँक इंडिया'चं नाव निघालं की आमच्या गल्लीत अजूनही कुणीतरी विचारतं, टँक किती लिटरची?

मावशीचा शेरा

आता जो भाग परीक्षेला नाही पण आम्हाला सांगायचाच आहे तो.

माझी एक मावशी मुखेडकडची. मे महिन्यात आमच्याकडं आली होती. दुपारी आम्ही पोरं केबलवर हिंदीत डब केलेला 'जॉज' बघत होतो. मावशी तांदूळ निवडत भिंतीला टेकून बसली होती. ४ जुलैचा प्रसंग आला. किनाऱ्यावर हजारभर माणसं, शार्क शार्क म्हणून आरडाओरडा, सगळे पाण्यातून बाहेर धावतायत, कुणी कुणाला तुडवतंय. आम्ही श्वास रोखून बसलेलो. मावशीनं ताटातून मान वर केली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "इतकं पाणी हाय, अन् हे पळूलालेत कामून?"

आम्ही तिला समजावलं. मोठा मासा आहे, माणूस खातो. "मंग खाईल एखाद्याला," मावशी म्हणाली, "पण केवढं पाणी हाय बघ की."

तेव्हा आम्ही हसलो. नंतर मात्र मला शार्कपट तिच्याच नजरेनं दिसायला लागले. त्यात बघण्यासारखं पाणीच असतं. 'जॉज'चा छायाचित्रकार बिल बटलर यानं कॅमेऱ्यासाठी खास पेटी बनवून घेतली होती, म्हणजे भिंग अगदी पाण्याच्या पातळीवर ठेवता येईल, अर्धं वर, अर्धं खाली. पोहणाऱ्याच्या हनुवटीएवढ्या उंचीवरून दिसणारं जग. तिथून पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, खालचं दिसत नाही, आणि सगळी गोष्ट त्या एका रेषेवर चालते. ज्यांच्या घरामागं समुद्र आहे त्यांना ती रेषा दिसत नाही, सवय झालेली असते. आपण जूनमध्ये पंधरा-पंधरा दिवस क्षितिजाकडं बघत बसतो. काळं काहीतरी दिसतं, सरकतं, नाहीसं होतं. धनेगावच्या धरणात किती टक्के उरलं हे पेपरात आधी वाचतो आणि मग क्रिकेटचा स्कोअर. जे दिसत नाही त्याची वाट बघत, त्याला घाबरत दोन तास एका जागी बसायचं, याची तालीम आपल्याइतकी कुणाची झालेली नाही. मॅसॅच्युसेट्सच्या लोकांना त्यासाठी तिकीट काढावं लागलं.

अपेक्षित प्रश्नसंच

बाकीचे चित्रपट एकेका ओळीत. वेळ कमी आहे.

'डीप ब्लू सी' (१९९९) : सॅम्युएल जॅक्सन सगळ्यांना धीर देणारं भाषण करत असतो आणि भाषणाच्या मध्येच शार्क त्याला नेतो. स्वागताध्यक्षांना दाखवावा.

'ओपन वॉटर' (२००३) : डायव्हिंगची बोट डोकी चुकीची मोजते आणि दोघांना समुद्रातच सोडून परत जाते. १९९८ साली ऑस्ट्रेलियात खरंच असं घडलं होतं, त्यावर बेतलेला. एसटीच्या कंडक्टरांवर आपण किती अन्याय करतो हे हा चित्रपट पाहिल्यावर कळतं.

'द शॅलोज' (२०१६) : हा मात्र पालकांसाठी. नायिका मेडिकलची विद्यार्थिनी, कॉलेज अर्धवट सोडून एकटीच समुद्रावर जाते, शार्क चावतो, किनारा समोर दिसतोय आणि ती खडकावर अडकलेली. कानातल्याच्या तारेनं ती स्वतःच्या मांडीची जखम शिवते. लातूरच्या पालकांच्या बैठकीत हा दाखवला तर एकच प्रतिक्रिया येईल : सीट सोडल्यावर असंच होतं. मुलींच्या होस्टेलात दाखवला तर टाके बरोबर पडलेत का यावर चर्चा होईल.

'द मेग' (२०१८) : लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला मेगालोडॉन परत येतो. जेसन स्टॅथम त्याला मारतो. स्टॅथमला पोहता येतं, एवढं लक्षात ठेवावं.

'बेट' (२०१२) : त्सुनामीत बुडालेल्या सुपरमार्केटात शार्क. किराणा आणायला जाताना आठवण होते.

आणि स्वदेशी म्हणून 'आतंक'. धर्मेंद्र विरुद्ध शार्क, सोबत हेमा मालिनी. हा चित्रपट इतका रखडला की त्यात काम केलेले विनोद मेहरा १९९० मध्ये वारले आणि चित्रपट १९९६ मध्ये आला. त्यातला शार्क रबरी दिसतो अशी तक्रार करू नये. ब्रूसही रबरीच होता, फक्त त्याच्या दिग्दर्शकाला तो झाकायचं कळलं. इथं आपल्याकडच्या लग्नातल्या नवरदेवासारखा शार्क सारखा पुढं पुढं आणला आहे. तरी आम्ही हा चित्रपट दोनदा पाहिला. धर्मेंद्रसाठी. टाकीवरून जो खाली उतरला तो शेवटी समुद्रात गेला, एवढा प्रवास किती नटांना जमतो?

शंकासमाधान

सर, शार्क खरंच इतकी माणसं खातो का? नाही. फ्लोरिडातल्या संग्रहालयात जगभराच्या हल्ल्यांची नोंद ठेवतात. त्यांच्या हिशोबानं २०२३ मध्ये माणसानं न डिवचता शार्क चावल्याच्या ६९ घटना झाल्या, त्यात १० जण गेले. भारतात एकट्या सर्पदंशानं वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं जातात असा २०२० मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे. ज्वारी काढायला वाकणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. पण नागाच्या चित्रपटात नाग शेवटी कुणाचा तरी नवरा निघतो. आपण त्याला दूध देतो, त्याच्या नावानं पंचमी करतो. शार्कशी आपलं असलं काही नातं नाही, म्हणून त्याला निवांत घाबरता येतं. बेंचलीला पुढं आपल्या कादंबरीचा पस्तावा झाला आणि उरलेलं आयुष्य तो शार्क वाचवा म्हणून सांगत फिरला. वर्षाला दहा कोटींच्या आसपास शार्क माणसाच्या हातून मरतात, असा २०१३ मधला एक अंदाज आहे. शार्कांनी चित्रपट काढले असते तर खलनायक कोण असता हे स्वाध्यायात लिहावं. मालवणच्या लोकांनी तिसऱ्यांदा अर्ज करू नये.

प्रात्यक्षिक (गुण २५)

हे घरी करायचं आहे. संध्याकाळी, दिवस मावळताना, ओळखीच्या शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर जावं. पोहता येणारं मोठं माणूस सोबत न्यावं. पाण्याला लागून असलेल्या पायरीवर बसून दोन्ही पाय पोटरीपर्यंत आत सोडावेत. समुद्र पावणेचारशे किलोमीटरवर आहे, श्रीरामसागरची भिंत मध्ये आहे, बाभळीचे दरवाजे न्यायालयाच्या ताब्यात आहेत, हे मनाशी तीनदा म्हणावं. मग पाण्याकडं बघत शंभर आकडे मोजावेत.

पाय वर न घेता शंभरपर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्याला नापास समजण्यात येईल. सत्तरच्या आत पाय वर घेणाऱ्यास विशेष प्रावीण्य. पायाला काय लागलं हे परीक्षकाला सांगू नये, परीक्षकालाही माहीत करून घ्यायचं नाही.

विहिरीला पाणी नसेल तर प्रात्यक्षिक पुढं ढकलण्यात येईल. तारीख पावसाळ्यानंतर कळवू.